डोळा उघडला की तोड

परवा नातवाचा पुण्याहून फोन आला. "आजी, आपल्या डोंगरावर सीताफळ महोत्सव घ्यायचा म्हणतोय. शहरातली पन्नास-साठ माणसं येतील, स्वतःच्या हातानं फळ तोडतील, तिथंच खातील, रात्री मुक्काम करतील. तारीख कोणती धरू?" मी म्हटलं, मला काय विचारतोस, झाडाला विचार. तो हसला. मी काही थट्टा केली नव्हती. फोनवर सगळं सांगून होत नाही आणि त्याला मध्येच दुसरा फोन येतो, म्हणून सूनबाईला वही घेऊन बसवलं आणि हे लिहून घेतलं. बाळा, एकदा निवांत वाच.

आधी तारखेचं. पहिल्या पावसाबरोबर झाडाला पालवी फुटते, फुलं लागतात. फळ धरल्यापासून चार महिने मोजायचे. म्हणजे दसऱ्याच्या आगेमागे पहिला तोडा आणि तिथून दिवाळीपर्यंत ऐन भर. पाऊस लांबला तर हे सगळं पंधरा दिवस पुढं सरकतं. तू छापील पत्रिका दोन महिने आधी काढशील आणि त्या दिवशी झाडावर नुसते हिरवे गोटे असतील, तर त्या साठ माणसांना काय दाखवणार? पत्रिकेत आठवडा लिही. वार नंतर कळव.

दुसरं, आणि माझ्या मते हेच पहिलं. आपल्या गावाचा कोयता, म्हणजे ऊसतोडीची टोळी, कधी निघणार ते मुकादमाला विचार. बीड जिल्ह्यातली निम्मी-अर्धी गावं दसरा झाला की ऊसतोडीला निघायच्या तयारीला लागतात. कारखान्याचा बॉयलर पेटला, पहिली मोळी पडली, की ट्रॅक्टर-ट्रक दारात उभे राहतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडं जातं, कुणी कर्नाटकात. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, नाही म्हणता येत नाही. तुझा महोत्सव दिवाळीनंतर ठेवलास तर फळ असेल, पाहुणे असतील, ढोल-ताशा असेल आणि गाव मात्र नसेल. घरोघरी म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं, एवढंच उरलेलं असेल. ज्यांच्या डोंगराचा सण त्यांनाच त्यात जागा नसेल तर तो सण कुणाचा? म्हणून दसरा ते कोजागरी, हे पाच दिवस धर. फळाची सुरुवात झालेली असते, माणसं गावात असतात, आणि रात्री चांदणं फुकट मिळतं. यंदा फळ मागंच राहिलं तर दिवाळीपर्यंत सरक, पण कोयत्याच्या अलीकडं.

आम्ही बायका सीताफळ विकायचो ते याच हिशेबानं. मांजरसुंब्याच्या रस्त्यावर टोपल्या घेऊन बसलेल्या बाया तू लहानपणापासून बघितल्यास. त्या पैशातून पोरांचे कपडे व्हायचे, दिवाळीचं तेल-गूळ यायचं आणि सहा महिन्यांच्या बिऱ्हाडासाठी पिठा-मिठाची सोय व्हायची. माझ्या सासूबाई म्हणायच्या, उचल मुकादमाची असते, सीताफळाचा पैसा आपला असतो. तो नवऱ्याच्या हातात द्यायचा नाही. हा त्यांचा कानमंत्रच होता, पण तो तुझ्या आजोबांसमोर कधी म्हणायच्या नाहीत.

आता फळ ओळखायचं. हे नीट वाच, कारण पाहुण्यांना हे तुलाच शिकवायचंय. कच्च्या सीताफळाचे खवले एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात, जशी मूठ आवळलेली. हळूहळू ती मूठ सैल होते. दोन खवल्यांच्या मधली भेग रुंद व्हायला लागते, आधी ती हिरवी असते, मग फिकी, मग पिवळट-पांढरी. काही फळांत ती किंचित लालसर गुलाबी दिसते. आम्ही याला डोळा उघडला म्हणतो. डोळा उघडला की तोड. डोळा मिटलेला असला तर फळ केवढंही मोठं दिसो, हात मागं घे. बंद डोळ्याचं फळ तोडलं तर ते अढीत पिकत नाही. तसंच राहतं, कडक, वर काळं पडतं आणि आत गोठल्यासारखं होतं. आंब्यासारखं नाही हे, की जरा हिरवा उतरवला तरी गवतात पिकून येईल. आणि दोन दिवस उशीर केलास तर झाडावरच उकलतं, मग मुंग्या, पाखरं, वटवाघळं आपल्या आधी जेवून जातात. सीताफळ एवढं मऊ दिसतं, पण वेळेच्या बाबतीत फार कडक.

एक वर्ष मीच फसले. एका व्यापाऱ्यानं दसऱ्याच्या आधी माल दिला तर दीडपट भाव सांगितला. आम्ही चार घरच्या बायांनी दोन दिवसांत डोंगर ओरबाडला, डोळा न बघता. टेम्पो भरून गेला. चौथ्या दिवशी निरोप आला, माल पिकेना, पैसे विसरा. तो खोटं बोलत होता असंही म्हणता येईना, कारण घरी ठेवलेल्या पाटीतली फळंसुद्धा दगडासारखीच होती. त्या वर्षी ती सगळी खड्ड्यात घातली. आमच्याच हातचं पाप, बोट कुणाकडं दाखवणार?

तोडताना फळ ओढू नको, पिळू नको. देठ बोटभर ठेवून कात्रीनं काप. देठ उपटून आला की तिथून फळ सडायला सुरुवात होते. दव वाळू दे, मग तोड, आणि ऊन चढायच्या आत आटोप. उंच फांदीला आकडी लावताना खाली एकानं धोतर नाहीतर चादर धरावी, फळ जमिनीवर पडता कामा नये. वरून साजरं दिसतं, पण दुसऱ्या दिवशी त्या जागी काळा डाग उठतो. पाटीत खाली सीताफळाच्याच पाल्याचा थर द्यायचा, मग फळं, मग पुन्हा पाला. दोन-तीन थरांच्या वर रचायचं नाही, खालच्यांचा चेंदा होतो. प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच भरू नको. पाहुण्यांना पुठ्ठ्याची खोकी दे आणि सांग, तीन-चार दिवसांत पिकेल, फ्रीजमध्ये कच्चं ठेवायचं नाही. गारठ्यानं साल काळी पडते आणि फळ धड पिकतही नाही. पिकल्यावर एक दिवस ठेवलं तर चालतं.

डोंगरात जायचं तर काठी हवी. सीताफळाच्या बुंध्याशी पालापाचोळा साचतो, खाली दगड असतात, आणि आपल्या बालाघाटात दगड तिथं फुरसं. हात घालण्याआधी काठीनं पाला हलव. पायात बूट घाल, चप्पल नको. कुणाला चावलंच तर दोरीनं आवळणं, ब्लेडनं कापणं, मांत्रिकाकडं नेणं हे काही करायचं नाही. माणसाला चालवू नको, हातपाय हलू न देता गाडीत घाल आणि सरळ अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात ने. गाडी डोंगराच्या पायथ्याशी उभी असली पाहिजे, चावी ड्रायव्हरच्या खिशात. हे तुझ्या यादीत मंडपाच्या आधी लिही.

तू विचारलंस, पाहुण्यांना बागेचा इतिहास काय सांगू. खरं ते सांग. ही बाग कुणी लावलेली नाही. कुणा राजानं नाही, सरकारनं नाही. हे झाडच मुळात आपल्या देशातलं नव्हे, अमेरिकेकडच्या गरम मुलखातलं. पोर्तुगीजांच्या जहाजातून इकडं आलं असं जाणकार सांगतात. आपल्याकडं येऊन त्याला सीतेचं नाव मिळालं, शेजारी रामफळ, लक्ष्मणफळ, हनुमानफळ अशी नाती जुळली आणि ते इथलंच झालं. पण या उघड्या मुरमाड डोंगरावर ते टिकलं कशामुळं, हे विचार. शेळीमुळं! शेळी बोरी-बाभळीसकट सगळं खाते, सीताफळाचा पाला मात्र हुंगून पुढं जाते. त्यात कडवट उग्रपणा असतो. सगळा डोंगर चरून बोडका झाला आणि सीताफळ तेवढं राहिलं. पाखरांनी, माकडांनी, माणसांनी फळं खाल्ली, बिया थुंकल्या, आणि झाडं वाढली. हिवाळा सरता सरता पानं गाळून बसतं, उन्हाळाभर काटकीसारखं दिसतं, पाणी मागत नाही. बहात्तरच्या दुष्काळात मी दहा-अकरा वर्षांची होते. आईबरोबर खडी फोडायच्या कामावर जायचे. त्या वर्षी ज्वारी गेली, पण डोंगरावरच्या या झाडांना लिंबाएवढी का होईना फळं होती. आई चार फळं पदरात बांधून आणायची. गर थोडा, बिया भाराभर. तरी गोड लागायचं.

आपल्या बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा बोर्ड तू मोठा लावशीलच. पण खोक्यावर ती मोहर छापायच्या आधी चौकशी कर. आपण बीडचे आहोत म्हणून ती आपोआप वापरता येत नाही, अधिकृत वापरकर्ता म्हणून प्रत्येकाला नाव नोंदवावं लागतं. गावातल्या बचत गटांची नावं आधी नोंदव, मग खोकी छाप. आणि दुसऱ्या जिल्ह्यातला बागायती माल आणून आपल्या डोंगराच्या नावानं विकायची बुद्धी कुणाला झाली तर तिथंच थांबव. डोंगराचं फळ लहान, बिया जास्त, सालही काही देखणी नाही. खोटा माल शेजारी ठेवला तर आपलाच मार खाईल. आपल्या फळाचा वास आणि गोडी चाखायला दे, आकाराची शर्यत लावू नको.

बागायतीचं म्हणशील तर बांधावर चार झाडं धारूर ६ या वाणाची लाव. आपल्याच धारूरच्या डोंगरातल्या झाडांतून निवडलेला वाण आहे तो, अंबाजोगाईला कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र आहे, तिथं विचार. बाळानगर वाण सगळीकडं लावलेला आहे. बार्शीकडची गोल्डन बियांना कमी, टिकायला जास्त, व्यापाऱ्यांना आवडते. मला विचारशील तर चवीला डोंगराचंच. पण मी म्हातारी, माझं ऐकून बँकेचं कर्ज काढू नको.

फळ कमी धरतं अशी सगळ्यांची रड असते. त्याचं कारण फुलात आहे. सीताफळाचं फूल आधी बाई असतं, मग बाप्या. आतला स्त्रीभाग आधी तयार होतो आणि पराग सुटेपर्यंत त्याची वेळ निघून गेलेली असते. पराग पोचवायचं काम बारके भुंगेरे करतात, एका फुलातून दुसऱ्यात जातात. ते कमी असले की फळ कमी, किंवा वेडंवाकडं, एका बाजूला फुगलेलं. आता पोरं बारीक ब्रशनं पराग लावतात, फळं भरगच्च येतात. आमच्या वेळी ब्रश कुठला? आम्ही बागेत औषध मारत नव्हतो, म्हणून भुंगेरे होते. फुलाच्या दिवसात फवारणी करू नको, एवढं तरी पाळ.

पिठ्या ढेकणाचं मात्र बघावंच लागतं. फळाच्या डोळ्यांत पांढरं पीठ भरल्यासारखं दिसतं, चिकट होतं, वर काजळी चढते, आणि पाहुणा तोंड वाकडं करतो. त्या ढेकणाची पिल्लं बुंध्यावरून वर चढतात, मुंगळेही त्यांना नेतात. बुंध्याला प्लास्टिकची पट्टी बांधून तिच्यावर ग्रीस लावलं की दोघांचीही वाट बंद. झाडावर काळी पडून वाळलेली जुनी फळं लटकत असतात ती उन्हाळ्यात काढून जाळ. गावातली पोरं आळस करतात आणि तीच फळं पुढच्या वर्षीच्या रोगाचं घर होतात.

आता जेवणाचं. कोजागरी आहे म्हटल्यावर तू दूध आटवणार आणि कढईत सीताफळाचा गर घालणार, हे मला आत्ताच दिसतंय. घालू नको! सीताफळ उकळलं की कडू होतं. एकदा लग्नघरात आचाऱ्यानं वीस लिटर बासुंदीत गर घालून उकळी आणली होती. पहिल्या वाटीलाच नवरदेवाच्या मामांनी वाटी खाली ठेवली. दूध आटव, साखर घाल, उतरव, पार गार होऊ दे, आणि वाढायच्या अर्धा तास आधी गर मिसळ. साखर नेहमीच्या निम्मी. गर काढताना चमच्यानं साल खरवडायची नाही, सालीलगतचा भाग रवाळ असतो, दाताखाली कचकच येते. मधला पांढरा गर घे, चाळणीवर हातानं हलके चोळ. मिक्सर फिरवलास तर बिया फुटतात आणि सगळं कडू होतं. पाच किलो फळातून दीड-दोन किलो गर निघाला तर चांगला म्हण, डोंगरी फळाचा त्याहून कमी निघेल. गर लगेच काळवंडतो, म्हणून ज्या दिवशी काढला त्या दिवशी वापर, नाहीतर डबे भरून थेट बर्फाच्या कप्प्यात. बाकी जेवणाला बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा पुरे. शहरातल्या माणसाला शहरातलं जेवण घालायला एवढ्या लांब बोलवू नको. कुणी मधुमेही असेल तर त्याला एक फळ दोघांत दे. नाहीतर तो एकट्यानं चार खाईल आणि नाव आपल्या डोंगराचं घेईल.

बियांबद्दल वेगळं सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. खाताना बी गिळली गेली तर काही होत नाही, अख्खी बाहेर पडते. पण बी वाटायची नाही. जुन्या बायका उवांसाठी बियांची पूड तेलात कालवून डोक्याला लावायच्या. उवा मरतात, खोटं नाही. पण तीच पूड घामाबरोबर डोळ्यात उतरली तर बुबुळ जाळते. माझ्या लहान बहिणीचा डोळा आठ दिवस उघडला नव्हता, ठणक्यानं रात्रभर ओरडायची. तेव्हापासून आमच्या घरात बिया वाटणं बंद. महोत्सवात कुणी 'आयुर्वेदिक उवानाशक' म्हणून पुड्या विकायला बसलं तर त्याला तिथून उठव. डोळ्यात गेलंच तर भरपूर स्वच्छ पाण्यानं धू आणि डॉक्टर गाठ. चोळायचं नाही.

बिया गोळा मात्र कर. प्रत्येक पाहुण्याच्या हातात एक द्रोण दे, बिया त्यात टाकायला सांग. नाहीतर साठ माणसं डोंगरभर थुंकत फिरतील. सावलीत वाळवून ठेव, पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर रात्रभर भिजवून पिशवीत लाव. उगवायला महिना-दीड महिना लागतो, तोवर माती उकरून बघायची नाही. तू लहानपणी रोज उकरायचास.

पहिली पाच फळं देवाची. बांधावरचा म्हसोबा आहे ना, त्याच्यापुढं ठेव, नारळ फोड, आणि मग ती पाचही फळं तिथं असलेल्या सगळ्यात लहान पोरांना वाट. फीत कापायला कुणा मोठ्या माणसाला बोलावलंस तर तो येईल दुपारी दोनला आणि फळं तोडायची वेळ सकाळीच संपलेली असेल. त्याला यायचं तेव्हा येऊ दे, तोडणी कुणासाठी थांबवू नको.

विक्रीचं टेबल बायांच्या ताब्यात दे. भाव किलोवर लाव, वाट्यावर नको, शहरातल्या माणसाला वाटा कळत नाही आणि तो घासाघीस करत बसतो. लहान फळं वेगळी काढून गरासाठी ठेव. उकललेली फळं फुकट चाखायला दे, ती त्या दिवसापुरतीच असतात. संध्याकाळी हिशेब तिथंच सगळ्यांसमोर कर, नोटा मोज आणि ज्याची त्याला दे. 'नंतर खात्यावर टाकतो' म्हणू नको. नंतर म्हणजे त्या बाया उसाच्या फडात असतात.

आणि एक. ओढ्याच्या पलीकडची, कातळाच्या सावलीतली सात-आठ झाडं आहेत ना, ती पाहुण्यांना दाखवू नको. त्यांना ऊन कमी, त्यांचं फळ उशिरा तयार होतं, दिवाळी झाल्यावर. कोयता गेला की गावात जी पोरं आजी-आजोबांपाशी राहतात, ती शाळा सुटल्यावर तिकडंच जातात. तूही जायचास. मधल्या झाडाची ठेंगणी फांदी तूच मोडलीस, तिथं आता गाठ आली आहे.